छबूबाईचा सरस

डोळे मिटा पाहू. घट्ट मिटा, बोटांच्या फटीतून बघायचं नाही.

आता एक राजवाडा डोळ्यांपुढं आणा. उंच खांब, खांबांवर चढलेल्या वेली, मधोमध वर गेलेला जिना आणि जिन्याच्या टोकाला एक उघडी खिडकी. तुम्ही गावच्या जत्रेत पटांगणात घोंगडी टाकून बसला आहात. गॅसबत्ती फुरफुरते आहे, ढोलकी कडाडली आहे, आणि त्या जिन्यासमोर राजा येऊन उभा राहिला आहे. खांबाला हात लावला तर दगड गार लागेल, असं तुम्हाला वाटतं आहे. हो ना? मग आता उठा आणि हळूच मागं जाऊन बघा. काय दिसलं? मांजरपाटाचे जोड, दोन ठिगळं, एक बांबू आणि उकिडवा बसून बिडी ओढणारा प्रधान! राजवाडा कापडावरच होता. बोटभर जाडीसुद्धा नव्हती त्याला.

असे राजवाडे श्रीगोंद्याच्या वेशीबाहेर, रंगनाथ पडदेवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होत. राजवाडा, जंगल, दरबार, देवीचं राऊळ, गावरस्ता. तमाशाच्या फडाला जे लागेल ते. रंगनाथाच्या आज्यानं सुरू केलेलं हे काम, आणि त्याच आज्यानं घालून दिलेले दोन नेम. पहिला नेम, रंगात घालायच्या सरसाचं माप घराबाहेर सांगायचं नाही. दुसरा, बाईचा पाय पडद्याला लागू द्यायचा नाही. कारण कापड अंथरलं की त्याच्या कोपऱ्यात आधी खडूनं गणपती काढत. मग ते कापड देवाचं आसन झालं.

"मग बाप्यांचं पाय कसं चालत्यात?" असं रंगनाथाच्या नातीनं, पुष्पानं, एकदा विचारलं होतं. पोरगी दहा वर्षांची, चौथीतली. उत्तर म्हणून तिला टपली मिळाली.

एकोणीसशे एकाहत्तरच्या भाद्रपदात, ज्या दिवशी नगरहून साहेब यायचे होते, त्या सकाळी शेडच्या मागच्या पडवीत छबूबाई चुलीपुढं बसली होती. छबूबाई ही रंगनाथाची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून भावाच्या दारी आली, तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं याच चुलीवर तिनं सरस पातळ केला. सरस म्हणजे कातडी-हाडांपासून काढलेला डिंक. बाजारातून त्याच्या लाद्या आणायच्या, रात्रभर भिजत घालायच्या, आणि सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हळूहळू विरघळवायचं. रंगाची पूड कापडाला धरून ठेवतो तो सरस. तो कमी झाला तर रंग झटकल्यासरशी उडतो. जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो.

समोर तिच्या दोन्ही भाच्यांचं, रंगनाथाच्या मुलांचं, जुंपलं होतं.

"सरकारच्या वर्गात सा जणं शिकून भायेर पडली, की सा दुकानं हुत्याल," थोरला आप्पासाहेब म्हणत होता. "मग आपल्या दारात कोन यील? सरकार यील का पडदा रंगवून घ्यायला?"

"आत्ता तरी कोन येतंय, दादा?" धाकटा मच्छिंद्र म्हणाला. पुष्पाचा बाप तो. "गेल्या दसऱ्याला तीन फड आलं. औंदा येकच. मी रंगवतो, तू रंगवतोस, आपल्या माघारी कोन? तुजी दोन्ही पोरं कारखान्यावर जायचं म्हनत्यात."

"म्हून पनज्याचं गुपित गावभर वाटायचं?"

"गावभर न्हाई. वर्गात. सरकार कापड देनार, रंग देनार, शिकनाऱ्या पोरांना दर म्हैन्याला विद्यावेतन देनार, तात्यांना मानधन. वरीसभर. आन् शेवटाला दाखला. उद्या नाटकाच्या कंपनीत, परदर्शनात काम मिळंल त्या पोरांना. ह्यात वाईट काय हाय ते सांग."

मच्छिंद्र या कामासाठी दोनदा एस.टी.नं नगरला जाऊन आला होता. हातातली कला हातांबरोबरच मातीत जाऊ नये, म्हणून सरकारनं ही योजना काढली होती, आणि साहेब आज येणार होते ते नमुना बघायला. कोऱ्या कापडापासून पडदा कसा होतो ते डोळ्यांनी बघायचं, पायरी पायरी लिहून घ्यायचं आणि मग शिफारस करायची. वर्ग मिळणार की नाही, ते आजच्या एका पडद्यावर ठरायचं होतं.

रंगनाथ, पोरांचा तात्या, भिंतीला टेकून बसला होता. सदुसष्टीचा म्हातारा. हात अजून थरथरत नव्हते, पण पाय थकले होते. तो एवढंच म्हणाला, "येऊ द्या सायबांना. पडदाच सांगंल काय ते."

आप्पासाहेबाची बायको सुमनबाई कांदे घेऊन आली आणि छबूबाईजवळ टेकली. "आत्याबाई, आज सरस ह्ये करनार हायेत. तुमी आपली भजी तळा. सायबाम्होरं चुलीपाशी बाया दिसल्या, तर सरकारला वाटायचं हितं खानावळ हाय."

आप्पासाहेब हसला. छबूबाईही हसली. सरसाचं भांडं तिनं भाच्याकडं सरकवलं आणि फडक्याला हात पुसले. त्रेचाळीस वर्षांत तिच्या हातून ते भांडं कुणी घेतलं नव्हतं. हात मोकळे झाले आणि काय करावं ते त्यांना कळेना. तिनं बेसनाचा डबा ओढला.

साहेब दहाच्या गाडीनं आले. आसाराम साळवे त्यांचं नाव. तिशीचे असतील, खांद्याला पिशवी, चपलांवर धूळ. जीप नाही, शिपाई नाही. सुमनबाई दाराआडून बघून परत आली आणि म्हणाली, "ह्यो कसला सायेब? ह्यो तर शाळंतला मास्तर दिसतोय."

पण साळव्यांनी आल्याआल्या एक केलं. शेडच्या तोंडाशी चपला काढल्या, पाय धुऊन पुसले आणि विचारलं, "इथून आत यायचं ना? कापड कुठपर्यंत आहे?"

रंगनाथ चमकला. "तुमास्नी कसं ठावं?"

"ठाऊक नाही. पण कापड दिसलं. वहीवर कुणी धुळीचा पाय ठेवतं का?" साळवे खाली बसले. "मी घोडेगावचा. आमच्याकडं जनावरांचा बाजार मोठा, तिथं फड यायचे. सात-आठ वर्षांचा असताना मी पडद्यावर एक राजवाडा बघितला. जिना होता त्याच्यावर. जिन्यावरून राजा कुठं जात असेल, ते बघायला मी कनात उचलून मागं गेलो. मागं एक बाप्या दाढी करत बसला होता! दोन दिवस जेवलो नाही मी."

"राजवाडा न्हवता म्हून?"

"राजवाडा खोटा होता म्हणून नाही. इतका खरा कुणी केला, ते कळेना म्हणून."

रंगनाथानं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "घोडेगावच्या बाजारात? खिडकी उघडी हुती का त्याची? वरली?"

"उघडी होती."

"मग ह्याच शेडातून गेल्ता त्यो." म्हाताऱ्यानं कमरेचा पंचा आवळला. "चला. पुन्यांदा काढू."

काय काम होतं ते, काय सांगू! शेडची जमीन झाडून तिच्यावर दोन माणसं उंचीचं मांजरपाट ताणून ठोकलं होतं. चिंचोक्याची खळ लावून ते कालच वाळवलेलं. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर तोंड लावत नाहीत. कोपऱ्यात खडूचा गणपती झाला. मग पाच हाताच्या बांबूला बांधलेला कुंचला घेऊन रंगनाथ कापडावर उतरला. वाकणं नाही, बसणं नाही. उभ्यानं, चालत चालत. एक पाऊल, एक रेघ. जवळून बघाल तर नुसते ओबडधोबड पट्टे, डाग, फराटे. पण साळव्यांना मच्छिंद्रनं शिडीवर चढवलं, आणि वरून त्यांनी बघितलं, तर पट्ट्यांचे खांब झाले होते आणि डागांची पानं.

"हे जवळून दिसतं कसं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"दिसत न्हाई. लांब बसल्यालं मानूस मनात धरायचं आन् त्येच्या डोळ्यानं काढायचं."

साळव्यांनी हे वाक्य वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग त्यांनी रंगाच्या डब्यांकडं बघितलं. "रंगात सरस घालता तो किती? शिकवायचं म्हटलं तर प्रमाण लागेल."

आप्पासाहेब सरसाच्या भांड्याशी उभा होता. घराचं गुपित सांगायचं जिवावर आलं होतं, पण साहेबापुढं अडखळायचंही नव्हतं. छाती काढून तो म्हणाला, "एकास दोन. येक माप सरस, दोन मापं पानी."

पडवीत छबूबाईचा हात बेसनात थांबला.

एकास दोन! तिला न बघताच दिसलं. तो सरस घट्ट काकवीसारखा असणार. ओला असताना रंगाला काय चकाकी येईल! सगळे म्हणतील, वा. आणि ऊन लागलं, की...

"आजी," शेजारून पुष्पा कुजबुजली, "एकास दोन कसं?"

"गप."

"पन आजी, आपन तर..."

"जा. भजी घिऊन जा. आन् तुज्या चुलत्याच्या कानात सांग, पानी वाढवा म्हनाव. हळू सांग."

पुष्पा ताटली घेऊन गेली आणि लगेच परत आली. "काका म्हनले, भजी ठिव आन् पळ."

आता छबूबाईनं उठायला हवं होतं. चार पावलांवर दार होतं. पण सवय म्हणजे काय असतं, ते मुलांनो, तुम्ही मोठे झालात की कळेल. दार उघडं असून माणूस उंबऱ्याशी थांबतं. तिनं पुढचं भजं तेलात सोडलं. ते करपलं.

दुपारी पडदा उन्हात टाकला. तासा-दोन तासांत वाळला. फडाचे पडदे गुंडाळून बैलगाडीत, टेम्पोत टाकतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात; म्हणून पडद्याची खरी परीक्षा गुंडाळीत. मच्छिंद्र आणि आप्पासाहेबानं दोन टोकांनी धरून पडदा बांबूवर गुंडाळला. आतून बारीक आवाज आला, पापड मोडावा तसा.

शेडमध्ये आणून पडदा उलगडला, तर राजवाड्याचे खांब तडकले होते. जिन्याचे पापुद्रे उभे राहिले होते, आणि वरची उघडी खिडकी रंगाच्या खपल्या होऊन रंगनाथाच्या पायांशी पडली होती.

शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"सरसच भेसळीचा," आप्पासाहेब म्हणाला. "हल्ली लाद्याच खराब येत्यात."

"लादी तीच हाय, गेल्या म्हैन्यातली," मच्छिंद्र म्हणाला. दोन वेळा केलेली नगरची वारी त्याच्या डोळ्यांसमोर खपल्यांसारखी पडली होती. साळव्यांनी वही मिटली नव्हती, पण पेन्सिल खाली ठेवली होती.

रंगनाथ वाकला. त्यानं एक खपली उचलून बोटांत चुरली. आणि त्याला कळलं की चाळीस वर्षांत त्याला हे करायची वेळच आली नव्हती. रंग हातात यायचा तो तयार. त्यात काय आहे, किती आहे, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. गाव त्याला उस्ताद म्हणायचं. फडमालक त्याला फेटा बांधायचे. आणि जे माप घराबाहेर जाऊ नये म्हणून तो पोरांना दटावत आला, ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तो हळू उभा राहिला. "सायेब," तो म्हणाला, "सरसाचं माप आप्पाला ठावं न्हाई. मलाबी न्हाई."

"तात्या!" आप्पासाहेब ओरडला.

"थांब. गुपित गुपित म्हनत आलो, त्ये माझं न्हवतंच. म्या रेघा मारल्या. पन माझी येक रेघ इतकी वर्सं गळाली न्हाई, ती कुनामुळं, त्ये आज कळलं." त्यानं पडवीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली. लहानपणी ओढ्याकाठी मारायचा तशी. "छबे! ए छबे! ये, सरस बघ."

छबूबाई आली. शेडच्या आत नाही; जिथं कापड सुरू होतं त्याच्या अलीकडं येऊन थांबली. पदर डोक्यावर, हाताला बेसन. साळवे उठून उभे राहिले.

"बसा, बसा," ती गांगरून म्हणाली. "मी काय सायेब न्हाई."

"आजी, माप सांगाल?"

"सांगता यायचं न्हाई." मग तिला वाटलं, हे उद्धट झालं. "म्हंजी, ल्हपवत न्हाई मी. तोंडानं येत न्हाई त्ये. बोट द्या हिकडं."

आणि तिनं सरकारी अधिकाऱ्याचं बोट धरलं. आप्पासाहेबानं कपाळाला हात लावला. तिनं ते बोट आप्पासाहेबाच्या भांड्यातल्या सरसात बुडवलं, बाहेर काढून त्यावर त्यांचाच अंगठा दाबला. "सोडा आता. सुटतंय का?"

"नाही. चिकटलंय."

"ह्यो आप्पाचा. कुस्ती खेळतोय." पुष्पानं पाणी आणलं. छबूबाईनं तांब्या-तांब्यानं सरस पातळ केला, ढवळला, पुन्हा बोट बुडवलं. "आता?"

"लगेच सुटलं."

"ह्यो लई पातळ. ह्येचा रंग हातपुसनीला लागंल." मग तिनं थेंबाथेंबानं सरस वाढवला. तिसऱ्यांदा साळव्यांनी बोट आणि अंगठा दूर केले आणि त्यांचा चेहरा बदलला. बोट धरलं गेलं होतं, क्षणभरच, मऊ. आणि मग आपसूक सुटलं होतं.

"तान्ह्या लेकरानं बोट धरून सोडावं, तसं व्हाया पायजे," छबूबाई म्हणाली. तिला लेकरू झालं नव्हतं. रंगनाथानं दुसरीकडं बघितलं.

साळव्यांनी बोट आणि अंगठा पुन्हा एकदा चिकटवून सोडवले. "त्रेचाळीस वर्षं हे करताय? आणि एकदाही चुकलं नाही?"

"चुकलं की! पयल्या वर्साला येक आख्खं जंगल उडालं. झाडं ऱ्हायली, पानं गेली. दादा म्हनला, शिशिर आला." सगळे हसले. आप्पासाहेबसुद्धा, नको असताना.

"पण आजी, वर्गासाठी मला लिहावं लागेल. शिकणाऱ्याला बोटाची पारख येईपर्यंत आकडा हवा."

"एकास सात," पुष्पा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. पोरगी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. "सादा रंग असंल तर येक करवंटी सरसाला सात करवंट्या पानी. निळीला सा. पिवडीला आठ. उन्हाळ्यात आनी येक जास्ती." तिनं बोटं मोजून दाखवली. "मी मोजलंय. आजीचं बोट झालं की मी मोजायची. पडवीच्या मागल्या भितीवर खडूनं लिवून ठिवलंय."

"चोरटे!" छबूबाई म्हणाली, पण हे म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षं ही कार्टी करवंटीशी खेळते म्हणून ती रागावत होती.

साळवे भिंत बघायला गेले. परत आले तेव्हा त्यांनी वहीचं पान उलटून कोरं पान काढलं. "रंगनाथराव, मी शिफारस करतो. पडदा तडकला म्हणून अडणार नाही. तडकला म्हणून तर मला कळलं की इथं शिकण्यासारखं किती आहे. पण शिक्षक म्हणून दोन नावं लिहीन. तुमचं आणि छबूबाईंचं. आणि शिकवायचं ते पडद्यावर उभं राहून. कुठला रंग कुठं किती सरस ओढतो, ते त्यांनी कापडावर दाखवायला हवं. पडवीत बसून हाका मारून चालणार नाही. हे जमणार असेल, तरच."

"जमायचं न्हाई," आप्पासाहेब म्हणाला. आवाज चढा नव्हता. खरंच दुखावलेला होता. "पनज्याचा नेम हाय, सायेब. बाईचा पाय पडद्याला लागत न्हाई."

"अवो, नेमानंच तडकला न्हवं राजवाडा आत्ता?" हे कोण बोललं? सुमनबाई! सकाळी नवऱ्याच्या बाजूनं बोलणारी सुमनबाई आता छबूबाईच्या शेजारी येऊन उभी होती. "खानावळ म्हनले मी सकाळी. माजी जीभ झडो. आत्याबाई, जावा तुमी. ह्यांचं मी बघते."

आप्पासाहेबानं बापाकडं बघितलं. रंगनाथानं हातातला बांबूचा कुंचला आडवा धरला आणि बहिणीपुढं केला.

"नेम आज्यानं घातला. त्यो आज असता, तर ह्या खपल्या बघून त्यानंच मोडला असता. ये छबे."

आप्पासाहेब पुढं आला. मग खाली वाकून तडकलेल्या पडद्याची एक बाजू गोळा करू लागला. मच्छिंद्रनं दुसरी धरली. दोघा भावांनी मिळून जुना पडदा बाजूला ओढला आणि नवं, खळ दिलेलं कोरं कापड अंथरलं. पांढरं, शेडभर.

छबूबाई कडेला उभी होती. त्रेचाळीस वर्षं ती या कडेपर्यंत येऊन भांडं ठेवून मागं फिरली होती. पडवीपासूनच्या वाटेवर कुठली वीट कुठं उंच आहे, हे तिच्या पायांना डोळे मिटून ठाऊक होतं, पण त्या विटेच्या पुढचं काही ठाऊक नव्हतं. तिनं कुंचला धरला. पाय मात्र हलेना. साहेब थांबले, भाऊ थांबला, दोन्ही भाचे थांबले. ती हळू म्हणाली, "दादा, नगं रं. ऱ्हाऊ दे. पाय येत न्हाईत माजं."

तेव्हा पुष्पा आत पळाली. सगळ्यांना वाटलं, पोरगी रडायला गेली. पण ती आली ती पाण्याची कळशी घेऊन. छबूबाईच्या पायांशी बसली. आधी टाचांच्या भेगांतली राख धुतली, मग बोटांच्या बेचक्या. ओला पाय खळ उचलतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; तिनं दारातून बघितलं होतं. म्हणून तिनं आपल्या परकराच्या घोळानं ते पाय पुसले, पुन्हा पुसले, हात फिरवून कोरडे झाल्याची खात्री केली. आणि मग आजीचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं पांढऱ्या कापडावर ठेवला.